दोन ते चार बेल वाजवू नये

नऊ शब्दांनी माणसाचं किती नुकसान होऊ शकतं, याचा मला अंदाज नव्हता. लग्नाला होकार मी एका शब्दात दिला होता आणि त्याचे परिणामसुद्धा एवढे दूरवर गेले नाहीत.

शब्द असे होते: ‘बाळ झोपलं आहे. दोन ते चार बेल वाजवू नये.’ कोऱ्या कागदावर, निळ्या शाईने, बेलच्या बटणाखाली चिकटवलेले. वर मी एक झोपलेला चेहरा काढला होता, पण तो पोट दुखत असल्यासारखा दिसत होता म्हणून कापून टाकला. पुढे काय होणार ते ठाऊक असतं तर चेहरा ठेवला असता आणि शब्द कापले असते.

आमची लेक नऊ महिन्यांची आहे. ती झोपते, पण उपकार केल्यासारखी. आधी डोळे चोळते, मग माझं नाक धरते, मग छताकडे बघून कसला तरी शेवटचा आक्षेप नोंदवते आणि मूठ माझ्या पदरात तशीच ठेवून एकदाची झोपते. त्या मुठीतून पदर सोडवणं हे बॉम्ब निकामी करण्याइतकंच नाजूक काम आहे. ते जमलं की मला दोन तास मिळतात. दिवसाच्या चोवीस तासांतले माझे म्हणावेत असे तेवढेच.

त्या दोन तासांत मी माहितीपुस्तिका लिहिते. यंत्राच्या खोक्यात सगळ्यात वर असते आणि लोक सगळ्यात आधी फेकतात, ती. बाळंतपणानंतरचं हे माझं पहिलं काम, कपडे धुण्याच्या यंत्राचं. कंपनीच्या साहेबांनी ‘झेपेल ना?’ असं ज्या आवाजात विचारलं होतं, त्या आवाजात लोक आजारी माणसाला जिना चढायचा का ते विचारतात. मी म्हटलं, झेपेल. आता ते झेपवणं आमच्या बेलवर अवलंबून होतं.

ती बेल घरमालकाच्या आवडीची. बटण दाबलं की आधी रुग्णवाहिका येते आणि पाठोपाठ बासरी वाजते. नवऱ्याने एकदा तिची तार काढून ठेवली. तर लोक दार ठोठावायला लागले, आणि एका गृहस्थांना आत कोणी पडलंबिडलं आहे असं वाटून त्यांनी दाराला खांदा लावला. तार पुन्हा जोडली. म्हणून ही चिठ्ठी.

सोमवार आणि मंगळवार स्वर्गात गेले. कुरिअरवाल्याने चिठ्ठी वाचली, पुडकं दाराशी ठेवलं आणि मांजरासारखा निघून गेला. पुस्तिकेची तीन प्रकरणं झाली. मी एकदा गरम चहा प्यायले. गरम, मुद्दाम सांगते.

बुधवारी दोन वाजून वीस मिनिटांनी रुग्णवाहिका आली, बासरी वाजली, लेकीने भोकाड पसरलं. दारात इमारतीचे सेक्रेटरी. हातात माझी चिठ्ठी.

“ही तुम्ही लावलीत?” त्यांनी विचारलं.

“हो. तुम्ही वाचलीत का?”

“वाचली ना! म्हणून तर बेल वाजवली.”

या उत्तरात एक प्रकारची सरकारी निरागसता होती. तिच्यापुढे माणसाचा इलाज चालत नाही. सेक्रेटरी तसे भले गृहस्थ. निवृत्तीपूर्वी जकातीत होते, त्यामुळे समोरच्याच्या हातात काहीही दिसलं की त्याचा कागद मागतात. त्यांनी समजावलं, की दाराची आतली बाजू तुमची, बाहेरची सगळ्यांची. बाहेरच्या बाजूला काहीही लिहायचं तर ते ‘सर्वसमावेशक भाषा समिती’कडून पास करून घ्यावं लागतं.

ही समिती नवी नव्हती, तिच्या कामाच्या खुणा मी रोज बघत होते. पूर्वी लिफ्ट बिघडली की ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी लागायची. समिती आल्यापासून ‘लिफ्ट सध्या विश्रांती घेत आहे’ अशी लागते. पाचव्या मजल्यावरचे पाहुणे तिची विश्रांती संपायची वाट बघत वीस मिनिटं उभे होते. खाली गाड्यांच्या वळणावर ‘आंधळं वळण, सावकाश’ असं लिहिलं होतं. आंधळं म्हणणं अपमानास्पद म्हणून तेही पुसलं. आठवड्याभरात तिथे दोन गाड्यांची समोरासमोर भेट झाली. त्यावर समितीने दोन्ही चालकांना धीर देणारं पत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सव्वादोनला बेल वाजली. समितीच्या अध्यक्षा आल्या होत्या. इमारतीत त्यांना सगळे जाणीवताई म्हणतात, कारण त्या कंपन्यांमध्ये जाऊन जाणीव वाढवण्याची शिबिरं घेतात. आवाज अतिशय मऊ. इतका मऊ, की त्यात पाय रुतला की निघत नाही.

“मला तुला तुझ्या हक्काच्या अवकाशात भेटायचं होतं,” त्या म्हणाल्या. कडेवर लेक किंचाळत होती, तिचा अवकाश कुणी विचारात घेतला नव्हता.

“ताई, मी काही कुणाचं वाईट लिहिलेलं नाही.”

“तेच तर! ज्यांच्याकडून दुखावलं जातं ना, त्यांना ते दिसतच नाही.” त्या आत येऊन बसल्या आणि चिठ्ठी मांडीवर पसरली. लाल पेनाने तिच्यावर इतक्या खुणा होत्या, की माझी दहावीची वही आठवली. “हे बघ. ‘वाजवू नये’. हा हुकूम आहे. तू दाराच्या आत आहेस, तो बाहेर आहे. आतल्याने बाहेरच्याला हुकूम द्यायचा?”

“मग काय बाहेर जाऊन देऊ?”

“आणि ‘बाळ’. एखाद्या व्यक्तीची ओळख निव्वळ तिच्या वयावरून करायची? तिला विचारलंस?”

मी लेकीकडे पाहिलं. तिने जाणीवताईंचा चष्मा ओढला. हा होकार होता की नकार, ते मी अजून सांगू शकत नाही.

“आणि सगळ्यात गंभीर म्हणजे ‘झोपलं आहे’. ज्यांना झोप लागत नाही, त्यांना हे जाता-येता वाचून काय वाटत असेल?”

“कुणाला लागत नाही?”

“नाव सांगणं योग्य नाही.” त्यांनी आवाज आणखी मऊ केला. “तिसऱ्या मजल्यावरचे ग्रंथपाल आजोबा.”

आजोबांना झोप येत नाही हे मला ठाऊक नव्हतं, आता ठाऊक झालं. पुढे दोन दिवसांत ते सगळ्या इमारतीला ठाऊक झालं. एवढंच नव्हे, तर माझ्या चिठ्ठीमुळेच ती येत नाही, अशीही भर पडली.

शुक्रवारी सकाळी समितीने पास केलेला मजकूर माझ्या दारावर लागला. तो मला तोंडपाठ आहे: ‘या दारामागे एक लहान वयाची व्यक्ती स्वतःच्या मर्जीने विश्रांतीच्या वाटेवर असू शकते. विश्रांती सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही, याची आम्हाला जाणीव आहे. बेल वाजवावी की नाही हा आपला निर्णय आहे. त्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.’

दुपारी कुरिअरवाला आला. त्याने सगळं वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग बेल वाजवली.

“बाई, हे काय लिहिलंय? आत कुणी गेलंय का?”

तो निघून गेला आणि मी लेकीला पुन्हा थोपटायला घेतलं. तिचे डोळे मिटत आले होते तेवढ्यात पुन्हा रुग्णवाहिका. आता दारात स्वातंत्र्यकाका. हे तळमजल्यावर राहतात. यांना बोलू देत नाहीत, ही यांची तक्रार. ती ते सकाळी फिरताना, दुपारी जिन्यात आणि संध्याकाळी बाकावर, मिळून रोज साधारण चार तास सांगतात.

“घाबरू नकोस!” काका ओरडले. “मी आहे! तुझा आवाज दाबला जातोय!”

“काका, जरा हळू...”

“हळू? हळूच बोला, हेच तर त्यांना हवंय! आज चिठ्ठी काढली, उद्या जीभ काढतील!”

“काका, बाळ झोपत होतं.”

“शाब्बास! म्हण! ठणकावून म्हण! बाळ झोपलं आहे! बाळ झोपलं आहे!” असं म्हणत त्यांनी आमच्या दारावर थाप मारली. बाळ आता कुठल्याही अर्थाने झोपलेलं नव्हतं.

मी अगदी नम्रपणे सांगून पाहिलं, की मला लढा नकोय, दोन तास हवेत. पण काकांना विचारस्वातंत्र्याचा इतका कळवळा, की ते दुसऱ्याचा विचार ऐकण्यात वेळ घालवत नाहीत. बेल तेवढी वाजवू नका, असं म्हटल्यावर ते म्हणाले, “बेल वाजवणं हीसुद्धा अभिव्यक्तीच आहे, पोरी.” जाताना त्यांनी माझ्या दारावर हातभर लांब कागद चिकटवला: ‘मी बोलणारच!’ शांततेसाठी लावलेल्या नऊ शब्दांच्या जागी आता एका बाजूला विश्रांतीची वाट आणि दुसऱ्या बाजूला ही गर्जना. तिची बातमी ऐकून रस्त्याने जाणारा एक कॅमेरावाला मुलाखत घ्यायला वर आला. कोणत्या वेळी, ते सांगायला नको.

इमारतीच्या फोनवरच्या गटात एकशे त्रेचाळीस संदेश पडले. मी झोपेचा माज असलेली आहे, असं एका बाजूने ठरवलं. ज्या बाईने नऊ महिन्यांत सलग तीन तास डोळा लावलेला नाही, तिला झोपेचा माज! दुसऱ्या बाजूने मला रणरागिणी म्हटलं. माझ्या अंगावर तेव्हा दुधाचे डाग पडलेला झगा होता आणि एका पायात नवऱ्याची चप्पल होती. ‘मला फक्त...’ एवढं लिहून मी लेकीचं दुपटं बदलायला गेले, तर परत येईपर्यंत त्या ‘फक्त’चा दोन्ही बाजूंनी निषेध झाला होता.

नवरा म्हणाला, “अगं, मागून टाक ना माफी. मी रोज मागतो. कशाची ते विचारतसुद्धा नाही.”

खरं नुकसान मात्र वेगळ्याच ठिकाणी झालं. शनिवार-रविवार मी पेंगत पेंगत चौथं प्रकरण लिहिलं आणि पाठवून दिलं. सोमवारी साहेबांचा फोन.

“बाई, हे काय पाठवलंत? वाचू का? ‘यंत्र फिरत असताना झाकण उघडावं की नाही हा आपला निर्णय आहे. त्या निर्णयाचा आम्ही आदर करतो.’ अहो, हात जाईल लोकांचा!”

रोज दारावर वाचून वाचून ती भाषा माझ्या बोटांत उतरली होती. पुढची पानं तर मला ऐकवेनात. ‘ओल्या हाताने प्लग लावणाऱ्यांच्या भावना आम्ही समजू शकतो’ असंही मी एके ठिकाणी लिहिलं होतं.

“बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत नीट करून द्या,” साहेब म्हणाले. “नाहीतर... तुम्हाला थोडी विश्रांतीच देऊ आपण.” विश्रांती! लिफ्टला देतात तशी.

त्याच संध्याकाळी समितीचा लखोटा आला. आत माझ्या नावाने लिहिलेला, फक्त सहीचा खोळंबा असलेला माफीनामा: ‘माझ्या लेखनाने झोपेपासून वंचित असलेल्या व्यक्तींना, विशेषतः तिसऱ्या मजल्यावरील ज्येष्ठ रहिवाशांना, जी वेदना झाली...’ वगैरे. सोबतच्या पत्रात म्हटलं होतं, की सही झाली नाही तर समिती माझ्याशी संवाद सोडणार नाही. ती रोज दोन वाजता घरी येत राहील. आणि पहिली संवादसभा बुधवारी दुपारी दोन वाजता आमच्याच बैठकीच्या खोलीत. कारण, ‘बाळामुळे आपल्याला बाहेर पडणं अवघड जातं, याबद्दल समिती संवेदनशील आहे.’

मी प्रामाणिकपणे सांगते, सही करायचं मी ठरवलं होतं. तत्त्व मोठं असतं, मान्य आहे; पण ते रात्रीतून चार वेळा उठत नाही. पेन काढून टेबलावर ठेवलं होतं.

बुधवारी दोनला पंधरा जण आले. प्रत्येकाने वेगळी बेल वाजवली. आमच्या खोलीत दोन खुर्च्या, एक सोफा आणि खेळण्यांची टोपली. माणसं जमिनीवर बसली, खिडकीत बसली. सेक्रेटरी लेकीच्या रांगायच्या गादीवर, सशाच्या चित्रावर बसून टिपण घेऊ लागले. काका निषेध म्हणून उभे राहिले. शिवाय ग्रंथपाल आजोबांना दोघांनी धरून आणलं आणि सोफ्यावर मधोमध बसवलं, पुरावा ठेवतात तसं.

समितीचा नियम असा, की ज्याच्या हातात लाकडी दांडी असेल त्यानेच बोलायचं. दांडी घरी राहिली होती. म्हणून जाणीवताईंनी टोपलीतला खुळखुळा उचलला. झालं! जो बोलेल तो हातवारे करी, आणि जो हातवारे करी त्याचं एक वाक्य खुळखुळ्याशिवाय पुरं होईना. “वेदनेची (खुळखुळ) उतरंड (खुळखुळ) आपण समजून घेतली पाहिजे.” माझी लेक माझ्या कडेवरून दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेपावत होती. खोलीत सगळ्यांच्या हाती खुळखुळा आला, फक्त जिचा होता तिच्या हाती आला नाही.

काकांनी तो मिळाल्यावर सोडलाच नाही. बावीस मिनिटं. मग जाणीवताईंनी त्याला उत्तर दिलं, सव्वीस मिनिटं. मी घड्याळ बघत होते. पाचला अजून दोन तास, आणि चौथं प्रकरण तसंच.

“मला एक विचारायचं होतं,” मी म्हटलं.

“खुळखुळा?” सेक्रेटरी म्हणाले.

खुळखुळा माझ्याकडे आला. तो लेकीने हिसकावला. तेव्हा नियमाप्रमाणे बोलायचा अधिकार तिचा झाला, आणि तिने तो बजावला. ती थांबल्यावर मी म्हणाले, “आजोबांना तरी विचारू या ना. आजोबा, माझ्या चिठ्ठीने तुम्हाला खरंच वाईट वाटलं का?”

“नको!” जाणीवताई चटकन पुढे झाल्या. “त्यांना असं थेट विचारून त्यांच्यावर ताण नको आणूस. त्यांच्या वतीने बोलायला आपण आहोत.”

तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. आधी शिट्टीसारखा, मग जड कपाट सरकवल्यासारखा. आजोबांची मान छातीवर टेकली होती, तोंड अर्धवट उघडं होतं.

आजोबा झोपले होते.

खोलीत जो सन्नाटा पसरला, तो मी त्या घरात कधी ऐकला नव्हता. जाणीवताईंचा हात तोंडावर गेला. कुणीतरी पुटपुटलं, “किती दिवसांनी!” काकांनी बोलायला तोंड उघडलं, तर चौदा जणांनी एकदम “शूऽऽ” केलं. त्यांनी ते मिटलं. काकांना गप्प करणं घटनेने शक्य नव्हतं, घोरण्याने झालं.

आता काय करायचं, यावर समितीची खुणांनी चर्चा झाली. वेदनाग्रस्त व्यक्ती विश्रांतीच्या वाटेवर असताना तिला उठवणं म्हणजे महापाप. जाणीवताई चवड्यांवर चालत माझ्यापाशी आल्या. माफीनामा पुढे केला आणि ओठांनीच म्हणाल्या, “सही.”

माझ्या खांद्यावर काहीतरी जड झालं. लेकीनेही मान टाकली होती. मूठ माझ्या पदरात, ओठाच्या कोपऱ्यात थेंब, श्वास माझ्या मानेवर. आठ दिवसांत पहिल्यांदा दुपारी अशी. त्या छोट्याशा ओझ्याने मला काय झालं कोण जाणे. टेबलावरचं पेन दोन हातांवर होतं. मी ते उचललं नाही.

“नाही,” मी कुजबुजले.

“काय?”

“माफी नाही मागणार. मी काहीही चुकीचं लिहिलेलं नाही. मूल झोपलंय, बेल वाजवू नका, एवढं सरळ सांगता येत नसेल तर आपण एकमेकांशी बोलायचं तरी कशाला? ज्यांच्यासाठी तुम्हाला इतकं दुखतं, त्यांना एकदाही विचारलं नाहीत तुम्ही. माझंही ऐकलं नाहीत. आणि काका, तुम्हीसुद्धा नाही.”

एवढं मोठं भाषण मी जन्मात केलं नव्हतं, आणि तेही इतक्या हळू. जाणीवताईंचा चेहरा लाल झाला. त्यांच्याकडे उत्तर होतं, मला दिसत होतं, गळ्यापर्यंत आलं होतं. काकांच्याही मानेची शीर फुगली. पण सोफ्यावरचं कपाट सरकत होतं, आणि कुणालाही आवाज चढवायची सोय नव्हती. पंधरा माणसं चपला हातात घेऊन, चवड्यांवर, ओळीने बाहेर गेली. सेक्रेटरींनी दार इतक्या हळू लावलं, की कडी कधी बसली ते कळलं नाही.

मी लेकीला आजोबांच्या शेजारी गादीवर ठेवलं, पदर सोडवला आणि टेबलाशी बसले. ‘यंत्र फिरत असताना झाकण उघडू नये. ओल्या हाताने प्लग लावू नये. मुलांना यंत्राशी खेळू देऊ नये.’ इतकी सुंदर वाक्यं मी फार दिवसांत लिहिली नव्हती. पाचाला सात मिनिटं कमी असताना प्रकरण गेलं.

आजोबांना लेकीने उठवलं, त्यांच्या पायजम्याची नाडी ओढून.

“वा!” ते ताणून आळस देत म्हणाले. “अडीच महिन्यांत अशी झोप लागली नव्हती. उत्तम सभा होती हो. पुन्हा कधी आहे?”

“आजोबा, तुम्हाला माझ्या चिठ्ठीचं वाईट वाटलं होतं म्हणे.”

“कुठली चिठ्ठी?” त्यांनी चष्मा शोधत विचारलं. मी सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, बहुधा धंद्याच्या सवयीने. मग म्हणाले, “बाई, चौतीस वर्षं माझ्या डोक्यावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती. तिच्याबद्दल माफी कुणी मागितली नाही, आणि शांतताही कुणी राखली नाही. मी उद्या दुपारी पुन्हा इथे येऊन पडलो तर चालेल का? घरी नाही लागत हो.”

तेव्हापासून ते रोज पावणेदोनला येतात, दारावर नखाने हलकेच टकटक करून. सोफ्यावर आजोबा, गादीवर लेक, टेबलाशी मी.

समितीने त्याच आठवड्यात तातडीची बैठक घेतली आणि ठराव एकमताने पास केला. काकांनीही हात वर केला म्हणे. आमच्या दारावर आता छापील, चौकटीतली पाटी आहे: ‘येथे ज्येष्ठ रहिवासी झोपलेले असतात. दोन ते चार बेल वाजवू नये.’

बाळाचा त्यात उल्लेख नाही. बाळाने अजून तरी हरकत घेतलेली नाही.